दखनी : वर्गातली चूक, पडद्यावरचा विनोद

भाषा आणि अस्मिता यांचा विचार करताना हैदराबादच्या दखनीचे उदाहरण उद्बोधक ठरते. घरी 'मेरेकू नक्को' म्हणणाऱ्या मुलाला उर्दूच्या तासाला 'मुझे नहीं चाहिए' असे सुधारून सांगितले जाते. वस्तुतः हा 'नक्को' म्हणजे मराठी 'नको'. 'अभीच', 'मैंच' यांतला 'च'देखील आपलाच. 'बातां', 'लोगां' ही अनेकवचनेही नियमानेच होतात. मूल चुकत नाही, ते दुसऱ्या व्याकरणाने बोलते.

२००५ साली आलेल्या 'द अंग्रेज़' या चित्रपटाने ही बोली पडद्यावर आणि पुढे इंटरनेटवर सर्वदूर नेली. चारमिनारजवळ अड्डा जमवणारे इस्माईलभाई, सलीम फेकू यांचे संवाद तरुण आजही एकमेकांना ऐकवतात. संवादांची लय अस्सल आहे, हे मान्यच. परंतु येथे दखनी बोलतो तो बहुधा फुशारक्या मारणारा रिकामटेकडा. वर्गात जी अशुद्ध, ती येथे हास्यास्पद. गंभीर आशय तिला पेलत नाही, याविषयी मात्र दोघांचे एकमत!

वजहीचा 'सबरस' (१६३५) हा गद्यग्रंथ याच भाषेत अक्कल आणि इश्क यांचा झगडा मांडतो. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब तर विसाव्या शतकातले. 'केवड़े का बन'चा हा कवी हसवता हसवता हुंड्याच्या प्रश्नाशी आणून सोडतो. 'सबरस'ची गाठ पडते ती एम.ए.च्या वर्गात. तोपर्यंत दखनीभाषक विद्यार्थी वर्गात घरची भाषा बोलायचा थांबलेला असतो. खतीब आठवीलाच शिकवायला काय हरकत आहे?