पुष्पिका नसलेली प्रत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने माझ्यासमोर एक खोके आणून ठेवले. "मामा, पोथ्या पुरे झाल्या. हे जोडून बघा," म्हणाला. खोक्यात प्लास्टिकचे दोन हजारांहून अधिक तुकडे आणि एक जाडजूड सूचनापुस्तिका होती. त्यातून रस्त्याच्या कोपऱ्यावरची, जुन्या युरोपीय धाटणीची तीन मजली इमारत उभी राहणार होती. खाली कॅफे, वर हॉटेल. चित्र पाहून कोणीही जाणकार सांगेल की हा लेगो कंपनीचा २००७ सालचा 'कॅफे कॉर्नर'. पण खोक्यावर लेगोचे नाव नव्हते, दुसऱ्याच कोणाचे होते. "डुप्लिकेट आहे. ओरिजिनल आता दुकानात मिळत नाही, आणि कोणी विकलाच तर परवडत नाही," भाच्याने खुलासा केला.

पोथ्यांच्या नकला ताडून पाहणे हा माझा तीस वर्षांचा उद्योग. नकलेविषयी माझी मते पक्की आहेत, असा माझा समज होता. संच जोडायला बारा रात्री लागल्या आणि तेवढ्या अवधीत त्या समजाला बऱ्याच ठिकाणी तडे गेले. त्याचीच ही हकीकत.

आधी मूळ ग्रंथाविषयी. 'कॅफे कॉर्नर'चा रचनाकार जेमी बेरार्ड. हा अमेरिकन गृहस्थ आधी हौसेने ठोकळे जोडत असे, नंतर डेन्मार्कमधील बिलुंड येथे लेगोच्या नोकरीत गेला. २,०५६ तुकड्यांच्या या संचापासून 'मॉड्युलर इमारतीं'ची मालिका सुरू झाली. प्रत्येक इमारतीचे मजले सुटे उचलता येतात आणि एका इमारतीच्या कडेला दुसरी जोडून अख्खी पेठ उभारता येते. पहिल्या इमारतीत आतले सामान जवळजवळ नाहीच. सगळा जीव दर्शनी भागात. या भागाच्या नक्षीत बेरार्डने चक्क बर्फावर घसरायच्या स्की वापरल्या आहेत. खेळण्यातल्या माणसांच्या पायांसाठी केलेला तुकडा इमारतीच्या अंगावर अलंकार होऊन बसतो. कवीने रोजच्या बोलण्यातला शब्द उचलून भलत्याच जागी ठेवावा आणि तो तिथे शोभावा, तसे हे आहे.

आता ठोकळ्याची वंशावळ पाहू. 'मूळ' आणि 'नक्कल' हे शब्द आपण ज्या खात्रीने वापरतो ती खात्री इथे टिकत नाही. एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे हिलरी फिशर पेज या इंग्रज गृहस्थाने आपल्या किडीक्राफ्ट कंपनीतर्फे १९४७ मध्ये बाजारात आणले होते. लाकडी खेळणी करणाऱ्या ओले कर्क क्रिस्टियान्सन यांच्या लेगो कंपनीने प्लास्टिक ओतण्याचे यंत्र घेतले, तेव्हा पेजच्या ठोकळ्याचा नमुना त्यांच्या हाती आला. १९४९ मध्ये लेगोने त्याच धर्तीचे ठोकळे काढले. पेज १९५७ मध्ये वारला. २८ जानेवारी १९५८ रोजी लेगोने ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसवण्याच्या युक्तीसाठी पेटंटचा अर्ज केला. घट्ट पकड आली ती या नळ्यांमुळे, आणि ही भर खरोखर लेगोची. पुढे १९८१ मध्ये किडीक्राफ्टच्या उरलेल्या हक्कांसाठी लेगोने ४५,००० पौंड मोजले. म्हणजे ज्याला आपण मूळ संहिता म्हणतो, तीही एका आधीच्या प्रतीवरून सुधारून लिहिलेली आहे.

न्यायालयांनीही हे निराळ्या वाटेने मान्य केले. पेटंटची मुदत संपल्यावर ठोकळ्याचा आकार हाच आमचा ट्रेडमार्क, असा लेगोचा दावा होता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये तो फेटाळला. जो आकार काम करण्यासाठी तसा आहे, तो एकाच्या मालकीचा कायमचा राहू शकत नाही, हे त्यामागचे सूत्र. खुंटीपासून खुंटी ८ मिलिमीटर आणि ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, ही मापे आता वर्णमालेसारखी सर्वांची आहेत.

पण वर्णमाला सर्वांची, म्हणून त्या अक्षरांत लिहिलेला ग्रंथही सर्वांचा होत नाही. चीनमधील 'लेपिन' या नावाखाली लेगोचे संच जसेच्या तसे काढणाऱ्यांवर २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी छापे घातले. पुढच्या वर्षी मुख्य आरोपीला सहा वर्षांची कैद झाली. गुन्हा ठोकळा केल्याचा नव्हता. ठोकळ्यांतून रचलेल्या कृतींच्या लेखनहक्काचा होता. हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

माझ्या प्रतीत लेखनिकाच्या सगळ्या ओळखीच्या चुका होत्या. तेवीस तुकडे गळलेले. एक जात दुप्पट, म्हणजे द्विरुक्ती. गडद लाल आणि तपकिरी छपाईत इतके सारखे की कोणता पाठ खरा हे पुढच्या पानावर गेल्यावाचून कळत नसे. काही ठोकळे सैल, काही इतके घट्ट की नख मोडले. तरीही इमारत उभी राहिली, आणि सुंदर दिसली. अडाणी लेखनिकाच्या हातूनही चांगला ग्रंथ बऱ्यापैकी सुखरूप पार पडतो, हे पोथ्यांत पाहिले होते. इथे बोटांना जाणवले.

अडखळलो ते स्कीपाशी. बेरार्डला त्या तुकड्यासाठी हाताशी असलेला साठा धुंडाळावा लागला असणार. त्याला ती सापडली. नकलाकाराला काहीच सापडलेले नाही. पानावर होती म्हणून त्याने ती ओतली. तुकडा तोच, जागा तीच, पण त्यामागचा शोध नाही. मला त्या शोधाचा आनंद झाला, कारण मी तो जोडताना वाचला. पण ज्याच्यामुळे झाला त्याचे नाव मला बाहेर शोधावे लागले. पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत चाळली. रचनाकाराचे नाव कुठेच नव्हते. मूळ ठोकळ्याच्या प्रत्येक खुंटीवर कंपनीचे नाव उठवलेले असते. इथल्या खुंट्याही कोऱ्या.

जुन्या पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. ग्रंथ कोणाचा, उतरवला कोणी, कोणत्या शकात, कोणासाठी, हे लेखनिक तिथे नोंदवतो आणि चुकांबद्दल क्षमा मागतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ग्रंथ ज्ञानेश्वरांचाच राहिला. नक्कल करणे आणि नाव राखणे ही आपल्याकडे एकाच कामाची दोन अंगे होती.

इथे मला स्वतःविषयी बोलणे भाग आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. जे शिकलो ते ग्रंथालयात बसून उतरवलेल्या वह्यांतून आणि झेरॉक्सच्या गठ्ठ्यांतून. त्यातली कित्येक पुस्तके मी कधीच विकत घेतली नाहीत. घेऊ शकलो नसतो. नक्कल नसती तर मी अभ्यासकच झालो नसतो. तेव्हा भाच्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. दुसरीकडे, घराघरांत फिरून मी केलेली एकशे चाळीस पोथ्यांची यादी काही वर्षांपूर्वी एका ग्रंथाच्या परिशिष्टात छापून आली. माझ्या दोन चुकांसकट. नाव नव्हते. यादी लोकांना उपयोगी पडली याचे समाधान खरे होते, आणि ते परिशिष्ट पाहून रात्रभर झोप लागली नाही हेही खरे.

या दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत आता असे आहे. नक्कल संचाला 'हीन दर्जाचा' म्हणून झिडकारणारी टीका चुकीच्या जागी बोट ठेवते. दर्जा सुधारेल, कदाचित मूळापेक्षा बराही होईल. तो स्वस्त आहे हा दोष नव्हे. ज्याची ऐपत नाही त्यालाही चांगली रचना हाताने वाचता यावी, ही इच्छा न्याय्य आहे. दोष आहे तो रचनेचा मोबदला आणि रचनाकाराचे नाव दोन्ही गिळून, वर आपले नाव छापण्यात. मोबदल्याचा हिशेब न्यायालये करतील. नावाचा हिशेब वाचकालाही करता येतो.

इमारत आता माझ्या पोथ्यांच्या कपाटावर आहे. आत ती मोकळीच होती. वरचा मजला उचलून मी तिथे एक चिठ्ठी ठेवली आहे: रचना जेमी बेरार्ड, २००७. ठोकळ्याची कल्पना हिलरी पेज, नळ्यांची भर लेगो. ही प्रत अनामिकाची; जोडली मी, भाच्याच्या सांगण्यावरून. तेवीस तुकडे कमी आहेत, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.