उसना 'मी' : पिढ्यांचे संस्मरण आणि निवेदनाचा अधिकार

आत्मचरित्राची समीक्षा आपल्याकडे बहुधा 'प्रामाणिकपणा' या निकषाभोवती फिरत राहिली आहे. एका आयुष्याच्या कथनापुरता तो निकष पुरतो. परंतु निवेदकाच्या जन्मापूर्वीपासूनची कुटुंबकथा सांगणाऱ्या संस्मरणाला तो अपुरा पडतो. तेथे निवेदकापाशी आठवण नसते, ऐकलेले असते.

जॉय मा आणि दिलीप डिसूझा यांचे 'द देवलीवालाज' (२०२०) हे इंग्रजी पुस्तक या दृष्टीने विचारात घ्यावे असे आहे. १९६२च्या युद्धानंतर सुमारे ३,००० चिनी-भारतीयांना राजस्थानातील देवली येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. जॉय मा यांचा जन्म त्या छावणीतलाच. घटनेच्या त्या जितक्या निकट, तितक्याच तिच्या स्मृतीपासून दूर. म्हणूनच स्वतःच्या 'मी'वर विसंबून न राहता हे पुस्तक अनेक स्थानबद्धांची प्रथमपुरुषी निवेदने आणि डिसूझा यांचे इतिहासपर विवेचन शेजारी शेजारी ठेवते. येथे कोणताही एक 'मी' साऱ्या समूहाचा मुखत्यार होत नाही.

वडीलधाऱ्यांचे मौन हा अशा लेखनातला खरा पेच. सुटकेनंतरही संशय संपला नाही. अनेक कुटुंबे पुढे कॅनडात गेली. हे मौन कल्पित संवादांनी भरून काढण्याचा मोह नातवंडांच्या पिढीला होतो. रीता चौधरी यांनी 'माकाम' (२०१०) या असमिया कृतीत कल्पिताचा आधार घेतला, पण उघडपणे कादंबरी म्हणून. संस्मरणाला ती मुभा नाही. जेथे साक्ष हाच मुख्य पुरावा, तेथे एका ठिकाणचे छुपे कल्पित साऱ्याच साक्षींना संशयास्पद करते.

मराठीत नरेंद्र जाधव यांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) या पुस्तकाने हा पेच वेगळ्या रीतीने हाताळला. वडिलांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी त्याचा पाया आहेत. शीर्षकातला 'आन्' घरची बोली राखतो. 'देवलीवालाज'च्या इंग्रजीत मात्र घराघरांतल्या भाषा बऱ्याच अंशी विरून जातात. ही त्या पुस्तकाची मर्यादा मानावी लागेल.

माझगावचे सी यूप मंदिर मुंबईतल्या जुन्या चिनी वस्तीची खूण आहे. उद्या तिथली एखादी नात मराठीत आपल्या घराण्याविषयी लिहू लागली, तर समीक्षेने तिला केवळ 'हे खरे का?' असे विचारू नये. आठवलेले, ऐकलेले आणि अनुमानलेले यांचे सांधे संहितेत दिसतात का, हे पाहावे. उसना 'मी' दोषास्पद नाही. त्याचे उसनेपण लपवणे दोषास्पद आहे.