संघादेशाचा अर्थ : मोटारशर्यतीच्या शौकिनांच्या वादाचे एक परीक्षण

फॉर्म्युला वन शर्यतींच्या शौकिनांमध्ये वर्षानुवर्षे जे वाद चालत आलेले आहेत, त्यांचा विषय वरवर पाहता चालकांचे डावपेच हा असतो. अमुक चालकाने मागच्या गाडीला वाट करून दिली ती योग्य की अयोग्य, अमुक चालकाने जुना संघ सोडला ती प्रगती की प्रतारणा, असे प्रश्न त्यांत हिरिरीने लढविले जातात. परंतु या वादांतील युक्तिवाद शांतपणे तपासले असता असे दिसून येते की, त्यांपैकी पुष्कळसे वेगाविषयी किंवा कौशल्याविषयी नाहीतच. एखाद्या लहानशा वाक्याचा अर्थ काय, तो कोणी ठरवावयाचा, आणि जे उच्चारलेच गेले नाही त्याची जबाबदारी कोणावर, या प्रश्नांभोवती ते फिरत असतात. म्हणजेच हे वाद अर्थनिर्णयाचे आहेत, आणि साहित्यशास्त्राच्या किंवा भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यांची उपेक्षा करावी असे त्यांत काही नाही.

वादाचे मूळ शर्यतीच्या रचनेत आहे. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या धावतात. चालकांचे जागतिक अजिंक्यपद १९५० पासून दिले जाते. गाडी बांधणाऱ्या संघांचे स्वतंत्र अजिंक्यपद १९५८ पासून. परिणामी एकाच संघाचे दोन चालक एका हिशेबात सहकारी, तर दुसऱ्या हिशेबात प्रतिस्पर्धी ठरतात. किंबहुना दोघांच्या हाती सारखीच गाडी असल्यामुळे, ज्याच्याशी होणारी तुलना कोणत्याही सबबीने टाळता येत नाही असा प्रतिस्पर्धी म्हणजे हा सहकारीच होय. या दोघांनी कोणत्या क्रमाने धावावे हे संघाने सांगणे, याला येथे 'संघादेश' म्हटले आहे.

संघादेशाच्या इतिहासात २५ एप्रिल १९८२ रोजी इटलीतील इमोला येथे झालेली शर्यत विशेष मननीय आहे. कित्येक संघांच्या बहिष्कारामुळे तीत अवघ्या चौदा गाड्या उतरल्या होत्या. रेनो संघाच्या दोन्ही गाड्या बंद पडल्यावर फेरारीचे जिल व्हिलनव्ह आणि दिदिए पिरोनी हे पहिल्या व दुसऱ्या क्रमांकावर राहिले. तेव्हा फेरारीने मार्गाच्या कडेने एक पाटी दाखविली. तिच्यावर 'सावकाश' या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द होता. व्हिलनव्हने तिचा अर्थ 'आहे तो क्रम राखा' असा घेतला. पिरोनीने 'गाडी व इंधन सांभाळा' असा घेतला. दोघांनी एकमेकांना अनेकदा मागे टाकले आणि अखेरच्या फेरीत पुढे गेलेला पिरोनी विजयी झाला. आपण फसविले गेलो अशी व्हिलनव्हची खात्री झाली व त्याने पिरोनीशी बोलणे टाकले. तेराच दिवसांनी, ८ मे रोजी, बेल्जममधील झोल्डर येथे शर्यतीपूर्वीच्या पात्रताफेऱ्यांत झालेल्या अपघातात व्हिलनव्हचा अंत झाला.

या दोन घटनांत कार्यकारणसंबंध होता की नाही, हे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन उपलब्ध नाही. तरीही व्हिलनव्हचे चाहते तो गृहीत धरूनच पिरोनीचा न्याय करतात. त्यांचा हा न्याय बाजूला ठेवून केवळ त्या पाटीचा विचार करावा. आपल्याकडील घाटांत 'वाहने सावकाश हाका' अशी जी पाटी असते, तिच्यात क्रियापद आहे, कर्म आहे आणि बोध करून घेणारा कोण हेही उघड आहे. इमोलाच्या पाटीवर यांपैकी काहीच नव्हते. प्राचीन शाब्दिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्या एकट्या पदाची आकांक्षा अपुरी होती आणि ती पुरी करण्यासाठी अध्याहार आवश्यक होता. दोन चालकांनी दोन भिन्न अध्याहार केले, आणि व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष होते. म्हणून पिरोनीने शब्द मोडला असे म्हणणाऱ्यांना तो शब्द पाटीवर दाखविता येत नाही. त्यांना आधार घ्यावा लागतो तो संघाच्या रूढीचा : दोन्ही गाड्या आघाडीवर आल्यावर जो पुढे असेल तो पुढे राहील, या अलिखित परिपाठाचा. येथे शब्दार्थाचे क्षेत्र संपते व व्यवहाराचे सुरू होते. चाहत्यांचा चार दशकांचा वाद नेमका या सीमेवर अडलेला आहे, आणि दुर्दैवाने उभय पक्षांना ती सीमा दिसत नाही.

संघादेश नेहमीच एवढा मितभाषी नव्हता. १९५६ साली माँझा येथे पीटर कॉलिन्सने आपली धावती गाडी थांबवून ती हुआन मान्वेल फांजिओच्या स्वाधीन केली आणि त्यामुळे फांजिओचे अजिंक्यपद निश्चित झाले. चालू शर्यतीत गाडी बदलून गुण वाटून घेण्याची मुभा त्या काळी होती. या प्रसंगाला कोणीही लबाडी म्हणत नाही. औदार्याचे उदाहरण म्हणूनच तो सांगितला जातो. उलट १२ मे २००२ रोजी ऑस्ट्रियात जवळजवळ संपूर्ण शर्यतभर आघाडीवर असलेल्या रुबेन्स बारिकेल्लोने अंतिम रेषेच्या तोंडावर वेग कमी करून मायकेल शूमाखरला पुढे जाऊ दिले, तेव्हा प्रेक्षकांनी दोघांचीही हुर्यो केली. फेरारीने आदल्या वर्षी त्याच मार्गावर बारिकेल्लोला, अजिंक्यपदासाठी मायकेलला पुढे जाऊ दे, असे बिनतारी यंत्रावरून स्पष्ट शब्दांत सांगितले होते. गुण देणे दोन्ही ठिकाणी सारखेच. मग निवाडा इतका भिन्न का? कॉलिन्सच्या कृतीत प्रेक्षकाला कर्ता दिसला, बारिकेल्लोच्या कृतीत केवळ प्रयोज्य कर्ता दिसला. 'दिले' आणि 'द्यावयास लावले' यांतील हा भेद आहे. शिवाय २००२ साली त्या आदेशाची गरजही नव्हती. शूमाखरने तोवरच्या पाचांपैकी चार शर्यती जिंकल्या होत्या, आणि पुढे सहा शर्यती शिल्लक असतानाच त्याने अजिंक्यपद मिळविले.

या हुर्योचा परिणाम असा झाला की, शर्यतीच्या निकालात ढवळाढवळ करणाऱ्या संघादेशांना २००३ च्या हंगामापासून बंदी करण्यात आली. ही बंदी २०१० च्या अखेरपर्यंत टिकली, आणि भाषेच्या अभ्यासकाला ती अत्यंत उद्बोधक वाटल्याशिवाय राहात नाही. आदेश ही आज्ञार्थी क्रियापदात सापडणारी वस्तू आहे, अशी जणू नियमकर्त्यांची समजूत होती. मीमांसकांची अशी समजूत नव्हती; वर्तमानकाळी रूपातील वाक्यातही विधी मानावा लागतो हे त्यांना ठाऊक होते. मराठी घरात तर हे शिकवावेही लागत नाही. सासूने 'दूध उतू चाललं आहे' असे म्हटल्यावर ते दुधाविषयीचे निवेदन आहे असे समजून जागेवर बसून राहणारी सून विरळा. भाषणाने माणसे केवळ वर्णन करीत नाहीत, कृती करतात, हे जे. एल. ऑस्टिन यांचे प्रतिपादन १९६२ साली ग्रंथरूपाने आले. पण नियम लिहिणाऱ्यांपर्यंत ते चार दशकांनंतरही पोहोचले नव्हते असे दिसते.

व्हायचे तेच झाले. २५ जुलै २०१० रोजी जर्मनीतील हॉकनहाइम येथे फेरारीचा फेलिपे मासा आघाडीवर होता व त्याचाच सहकारी फर्नांडो अलोन्सो मागे होता. एका जीवघेण्या अपघातातून मासा वाचला त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होते. शर्यत बरीच पुढे सरकल्यावर त्याच्या अभियंत्याने, रॉब स्मेडलीने, त्याला बिनतारी संदेश दिला. फर्नांडो तुझ्यापेक्षा अधिक वेगवान आहे, हा निरोप समजल्याची खात्री देशील का, एवढाच त्याचा आशय. थोड्याच वेळात मासाने वाट दिली. त्यानंतर अभियंत्याने त्याची पाठ थोपटली आणि क्षमा मागितली.

फेरारीचा बचाव अभिधेवर आधारलेला होता : वाक्य विधानार्थी आहे, त्यात दिलेली माहिती खरी आहे, निर्णय चालकाचा आहे. या बचावाचा प्रतिवाद करताना बहुतेक शौकिनांनी 'सगळ्यांना कळले' एवढेच पुनःपुन्हा सांगितले. ते खरे असले तरी प्रमाण नव्हे. प्रमाणे त्या संभाषणातच होती, ती त्यांनी मांडली नाहीत. पहिले प्रमाण दुसऱ्या वाक्यात आहे. निव्वळ माहिती दिल्यावर ती समजल्याची ग्वाही कोणी मागत नाही. ग्वाही मागितली जाते ती आज्ञेची. दुसरे प्रमाण काकूत, म्हणजे स्वराच्या विशिष्ट वळणात आहे : एकेक शब्द सुटा, जड आणि संथ उच्चारलेला. तिसरे आणि सर्वांत निर्णायक प्रमाण म्हणजे ती क्षमायाचना. माहिती दिल्याबद्दल माणूस क्षमा मागत नाही. सूर्य मावळल्याचे विधान ऐकून गुराखी गुरे वळवतो आणि अभिसारिका निघण्याची तयारी करते, हे साहित्यशास्त्रातले जुने उदाहरण आहे. वक्ता, श्रोता, प्रस्ताव, देश, काल, काकू यांच्या वैशिष्ट्याने व्यंग्यार्थ प्रतीत होतो असे मम्मट सांगतो, आणि हॉकनहाइमच्या प्रसंगाला ती यादी जशीच्या तशी लागू पडते. पंचांनी फेरारीला एक लाख डॉलर दंड केला. सप्टेंबरमध्ये जागतिक मोटारक्रीडा परिषदेने तो कायम केला, पण गुण काढून घेतले नाहीत. पुढच्या हंगामापासून बंदीच रद्द झाली. नियमाने आदेश थांबविला नव्हता. त्याने आदेशाला अभिधेतून व्यंजनेत ढकलले होते, आणि व्यंजनेला दंड करताना नियामकांचा हात कचरला. हा एका अर्थी आनंदवर्धनाच्या पक्षाचाच विजय म्हणावा लागेल, जरी त्याला तो कितपत रुचला असता याविषयी शंका आहे.

मात्र ध्वनिसिद्धांत येथे लागू करताना एक मोठी अडचण उभी राहते, आणि शौकिनांच्या वादाची खरी परीक्षा तेथेच होते. ध्वनीची प्रतीती सहृदयाला होते. सहृदय हा काव्याच्या अभ्यासाने मुरलेला आणि वैयक्तिक लाभालाभापासून मुक्त झालेला रसिक होय. शर्यतीचा जुना शौकीन पहिली अट उत्तम रीतीने पुरी करतो. वीस वर्षांचे संदेश, फेऱ्या, टायर त्याला तोंडपाठ असतात आणि अर्धे वाक्य ऐकताच त्याला पुरे कळते. दुसरी अट तो मुळीच पाळत नाही. तो पक्षपाती असतो. आणि मौज अशी की पक्षपातामुळे त्याची अर्थग्रहणशक्ती मंद होत नाही, उलट एकाच दिशेने तीक्ष्ण होते. २०१३ साली मलेशियात रेड बुल संघाने 'मल्टी २१' हा सांकेतिक शब्द वापरला. दोन क्रमांकाची गाडी पुढे व एक क्रमांकाची मागे, म्हणजेच मार्क वेबर पुढे व सेबास्टियन फेटल मागे, असा त्याचा अर्थ पूर्वीच ठरलेला होता. येथे व्यंजना नाही. संकेताने ठरलेली शुद्ध अभिधा आहे. तरीही फेटल पुढे गेला व जिंकला, आणि प्रथम क्षमा मागून तीन आठवड्यांनी चीनमध्ये, पुन्हा तसेच करीन अशा आशयाचे बोलला. ज्यांना हॉकनहाइमच्या विधानात आज्ञा स्वच्छ ऐकू आली होती, त्यांच्यापैकीच काहींना येथे ठरलेल्या संकेतातही 'विजिगीषू वृत्तीला वाव' दिसला. अशा ठिकाणी अर्थ वाक्यात शोधला जात नाही. तो घरून आणलेला असतो.

पक्षपात असूनही अर्थनिर्णय प्रामाणिक राहू शकतो, हे दाखविणारा प्रसंग अलीकडचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये माँझा येथे मॅक्लारेनने ऑस्कर पिआस्त्रीला टायर बदलण्यासाठी आधी बोलाविले. पुढे असलेल्या लँडो नॉरिसला, यामुळे तुझा क्रमांक जाणार नाही, असे आश्वासन देण्यात आले होते. परंतु नॉरिसच्या थांब्यात विलंब झाला व पिआस्त्री पुढे निघाला. संघाने त्याला दुसरे स्थान परत देण्यास सांगितले. मंद थांबा हा शर्यतीचाच भाग असतो असे आपले पूर्वी ठरले होते, ही तक्रार नोंदवून त्याने ते दिले. येथे वाद होता तो कोणते वचन अधिक बलवान हा : सर्वसाधारण ठराव की त्या क्षणी दिलेला विशेष शब्द? विशेषाने सामान्याचा बाध होतो, या न्यायाने नॉरिसचा पक्ष बळकट ठरतो. पण त्या आश्वासनात संघाच्या चुकीचाही समावेश होता काय, हा प्रश्न उरतोच, आणि काही शौकिनांनी तो अचूक विचारला. त्या क्रमबदलाने नॉरिसला तीन गुण अधिक मिळाले. वर्षाअखेरीस त्याने मॅक्स व्हर्स्टापनवर दोन गुणांनी मात करून अजिंक्यपद मिळविले.

पक्षपात नेमका कोणाविषयी असतो, चालकाविषयी की संघाविषयी, हे चालक संघ बदलतो तेव्हा उघड होते. इमोलाच्या त्याच मार्गावर १९८३ साली इटालियन चालक रिकार्दो पात्रेसे ब्रॅबम संघाची गाडी घेऊन आघाडीवर आला आणि लगेच घसरून बाहेर गेला, तेव्हा इटालियन जनसमुदायाने जल्लोष केला. कारण आता फेरारीतला फ्रेंच चालक पात्रिक तांबे जिंकणार होता. तांबे हा व्हिलनव्हच्या जागी आलेला. देशबांधवापेक्षा लाल गाडी त्यांना जवळची वाटली. लुइस हॅमिल्टन मर्सिडीज सोडून फेरारीकडे जाणार हे १ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाले, तेव्हा याच्या उलट पेच पडला. त्याच्या चाहत्यांपैकी अनेकांचे 'आम्ही' हे सर्वनाम एका रात्रीत निराधार झाले. कालपर्यंत ज्या संघाचा प्रत्येक संदेश संशयाने ऐकावयाचा, त्याचे संदेश आता सद्भावाने ऐकावयाचे होते.

ज्या संघावर निष्ठा ठेवावयाची, तो तरी तोच राहतो काय? पतंजलीने शब्दांचे चार प्रकार सांगताना व्यक्तिनामांना यदृच्छाशब्द म्हटले आहे. संघांची नावे त्याहूनही यादृच्छिक आहेत. सिल्व्हरस्टोनजवळच्या एकाच संघाने १९९१ पासून जॉर्डन, मिडलंड, स्पायकर, फोर्स इंडिया, रेसिंग पॉइंट आणि २०२१ पासून ॲस्टन मार्टिन ही नावे धारण केली. त्यांतील चौथ्या नावाने दहा वर्षे भारतीय प्रेक्षकांना आपला एक संघ असल्याचे समाधान दिले, जरी तो कारखाना इंग्लंडातच होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरीच्या कारवाईनंतर हा संघ नव्या मालकाकडे गेला, तेव्हा नियामकांनी तो नवा संघ आहे असे ठरवून त्याचे ५९ गुण रद्द केले. सर्जिओ पेरेझ आणि एस्तेबान ओकॉन या त्याच्या चालकांचे वैयक्तिक गुण मात्र शाबूत राहिले. पुढच्याच शर्यतीत, बेल्जममध्ये, तेच दोघे त्याच गाड्या घेऊन उतरले आणि पाचव्या व सहाव्या क्रमांकावर येऊन त्यांनी त्या 'नव्या' संघाला पहिले अठरा गुण मिळवून दिले.