'बौद्ध अवतार' हा पुरावा कशाचा?

पंढरपूरचा विठ्ठल हा मूळचा बुद्ध, हे आपल्याकडील लेखनात जवळजवळ गृहीत धरले जाते. त्यासाठी संतवाङ्मयातील 'बौद्ध' अवताराचे उल्लेख आणि पूज्य बाबासाहेबांचे २५ डिसेंबर १९५४ चे देहूरोड येथील भाषण, असे दोन आधार दिले जातात. दोहोंची तपासणी व्हावयास हवी, आणि ती आपणच करावयास हवी.

संतांचे उल्लेख खरे आहेत. जनाबाई, एकनाथ, तुकाराम यांच्या रचनांत ते येतात. मौन धरून विटेवर उभा असलेला विठ्ठल हाच त्यांचा बौद्ध अवतार. परंतु ही कल्पना आली कोठून? विष्णुपुराणातील मायामोह असुरांना वेदमार्गापासून भ्रष्ट करतो; भागवतातील बुद्धही असुरांच्या मोहासाठीच अवतरतो. बाराव्या शतकातील जयदेवाने यज्ञातील पशुहत्येची निंदा करणारा करुणामय बुद्ध वंदिला, तरी त्याला बसविले विष्णूच्याच पंक्तीत. संतांपर्यंत पोहोचला तो हा पौराणिक बुद्ध. त्रिपिटकातील शास्त्याची ओळख त्या अभंगांत मला आढळत नाही. १९५६ साली नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी नेमकी ही अवतारकल्पना नाकारते. मग तिचीच साक्ष आपण कोणत्या न्यायाने काढतो?

भाषणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बाबासाहेबांनी 'पांडुरंग' शब्दाचा संबंध पुंडरीकाशी, म्हणजे कमळाशी जोडला आणि या विषयावर ग्रंथ लिहिण्याचा मानस व्यक्त केला. तो ग्रंथ होऊ शकला नाही. पालीत पुंडरीक म्हणजे श्वेतकमळ, हे निर्विवाद. पण 'पंडरंग' हा शब्द समन्तपासादिकेत येतो तो बिंदुसाराकडे नित्य भोजन मिळणाऱ्या ब्राह्मणपक्षीय परिव्राजकांसाठी. हे लिहिताना हात अडखळतो. पण शब्द तेथे आहे, आणि तो झाकून ठेवणे बाबासाहेबांच्या अभ्यासपद्धतीस शोभणारे नाही.

रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) मध्ये या दैवताचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधले. ते मला अधिक पटते. खटकतो तो 'समन्वय' हा शब्द. या समन्वयात दाराबाहेर कोण राहिले? चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि अस्पृश्यांना ते दार उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. बुद्धाचे नाव तेथे उरले असेलही. धम्म उरला असता तर हे दार इतकी शतके बंद राहिले नसते.

खुद्द चोखोबांच्या नावावरील काही अभंग त्यांच्या जन्माला पूर्वजन्मीच्या दोषाचे फळ म्हणतात. वसलसुत्त याच्या नेमके उलट सांगते : जन्माने कोणी वृषल होत नाही, कर्माने होतो. तेथे मोजलेली कर्मेही क्रोध, चोरी, मातापित्यांची उपेक्षा अशी, याच आयुष्यात डोळ्यांना दिसणारी आहेत. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई मात्र विटाळाचा उगम देहातच दाखवतात आणि विटाळावाचून जन्मलेला देह कोणता, असे विचारतात. वसलसुत्ताजवळ जाणारा हा प्रश्न त्यांनी कोणत्याही अवताराचा आधार न घेता विचारला आहे. आपल्या अभ्यासकांनी 'बौद्ध' शब्द मोजण्यात जेवढे श्रम घेतले, त्याच्या दशांशानेही या अभंगांकडे पाहिलेले मला दिसत नाही.