‘ट्वायलाइट’ : संयम आणि सत्ता

स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी २००५ सालीं प्रसिद्ध झाली. तिचे पुढील तीन भाग २००८ पर्यंत निघाले व या मालेच्या दहा कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या. इतक्या खपाच्या पुस्तकाची वासलात विद्वान् मंडळी एका वाक्यांत लावतात, आणि तरुण वाचक त्याचीं पारायणें करतात. आम्हांस हे दोन्ही मार्ग मान्य नाहींत. जें पुस्तक इतक्या मुलींनीं उशाशीं ठेविलें, त्यांत प्रेमाची कोणती कल्पना मांडली आहे हें वडील मंडळींनींही एकदां शांतपणें पाहिलें पाहिजे.

कथानक असें : अमेरिकेच्या वायव्य कोंपऱ्यांत, वॉशिंग्टन राज्यांतील ऑलिंपिक द्वीपकल्पावर, फोर्क्स नांवाचें तीन-साडेतीन हजार वस्तीचें गांव आहे. गांव खरेंखुरें आहे. लाकूडतोडीवर तें वाढलें, आणि वर्षाकाठीं शंभर इंचांवर पाऊस तेथें पडतो. फीनिक्सच्या उन्हांतून आलेली सतरा वर्षांची बेला स्वान ही या गांवीं पोलीस-प्रमुख असलेल्या आपल्या वडिलांकडे राहावयास येते. शाळेंत तिच्या शेजारीं एडवर्ड कलन नांवाचा देखणा तरुण बसतो. दिसतो सतरा वर्षांचा. परंतु त्याचा जन्म १९०१ सालचा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत शिकागो येथें तो मरणोन्मुख झाला असतां डॉक्टर कार्लाइल यांनीं त्याला आपल्यासारखा रक्तपिपासु अमर करून ठेविलें. हें कुटुंब माणसांऐवजीं रानांतल्या जनावरांच्या रक्तावर राहतें. बेलाच्या रक्ताचा गंध मात्र एडवर्डला असह्य मोह घालतो, आणि त्याच मुलीवर त्याचें प्रेम जडतें.

लेखिकेचें पहिलें यश गांवाच्या निवडींत आहे. स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ (१८९७) दूरच्या डोंगरांतील किल्ल्यांत राहत होता. मेयरबाईंचें पिशाच जीवशास्त्राच्या तासाला शेजारच्या बांकावर बसतें. त्यांच्या कल्पनेप्रमाणें या लोकांची त्वचा उन्हांत हिऱ्यांसारखी चमकते, म्हणून त्यांना ढगांखालचें गांव हवें. अशा रीतीनें पाऊस हा केवळ वर्णनाचा विषय न राहतां कथेचें कारण बनतो. शिवाय या गांवांत नवी मुलगी येण्यापूर्वींच तिची वार्ता सर्वत्र पोहोंचलेली असते, आणि डॉक्टरांच्या कुटुंबाचें वेगळेपण चवीनें चर्चिलें जातें. जेथें सर्वांना सर्व ठाऊक, तेथेंच एक मोठें गुपित दडून आहे, ही योजना खरोखर चतुर आहे.

दुसरें यश संयमाच्या चित्रणांत. कार्लाइल रुग्णालयांत रोज रक्त पाहतात आणि रोगी बरे करतात. थोडक्यांत रेखाटलेलें असूनही ग्रंथांतील सर्वांत उदात्त पात्र तेंच. मर्त्य आणि अमर यांचें प्रेम पुरूरवा-उर्वशीच्या कथेपासून आपणांस परिचित आहे. तेथें अट मोडल्यानें वियोग होतो. येथें अट नायकाच्या अंतःकरणांतच आहे : जवळ यावें, पण इजा करूं नये. ज्या प्रेमाला स्वतःच्याच सामर्थ्याची भीति वाटते, तें वाचकाला खिळवून ठेवितें यांत नवल नाहीं.

आमचा आक्षेप यापुढें सुरू होतो. एडवर्ड स्वतःवर ताबा ठेवितो, हा त्याचा गुण. परंतु लेखिका नकळत त्याला बेलावरही ताबा देतात, आणि तोही गुणच मानतात. तिला ठाऊक नसतां तो रात्रीं तिच्या खोलींत शिरून तिला झोंपलेली पाहत बसतो. ती आपल्या गाडीकडे निघाली असतां तिचें जाकीट धरून तो तिला स्वतःच्या मोटारीकडे ओढीत नेतो. रात्रींच्या पहाऱ्याची गोष्ट कळल्यावर संतापण्याऐवजीं ती मनांतून सुखावते. प्रारंभीं घर सांभाळणारी, ऑस्टेनच्या कादंबऱ्या वाचणारी ही मुलगी; अखेरीस तिची एकच इच्छा उरते, ती म्हणजे त्याच्यासारखें होणें.

कोणी म्हणेल, तो तिचा रक्षक आहे. खरें आहे, बर्फावरून घसरत आलेली मोटार त्यानें हातांनीं अडविली म्हणूनच ती वांचते. तथापि संकटकाळीं धांवून येणें निराळें, आणि संकट नसतां पहारा करणें निराळें. याचें उत्तर कादंबरींतच आहे. त्याच सकाळीं बेलाच्या वडिलांनीं, ती उठण्यापूर्वींच, तिच्या गाडीच्या चाकांना साखळ्या बांधून ठेविल्या होत्या. ते त्याविषयीं एक शब्द बोलत नाहींत. वाट मात्र तिची तिच्यावर सोंपवितात. त्या साखळ्या पाहून तिचा कंठ दाटतो, आणि आमचाही दाटला. काळजी आणि सत्ता यांतील भेद लेखिकेला ठाऊक आहे, याचा हा पुरावा. नायकाचा प्रसंग आला कीं मात्र त्या तो विसरतात.

दुसऱ्याचें तें आपलें मानण्याची ही वृत्ति कादंबरीच्या रचनेंतही उतरली आहे. फोर्क्सजवळ ला पुश येथें क्विल्यूट लोक राहतात. लांडग्यांपासून आपले पूर्वज घडले, ही त्यांची स्वतःची जुनी कथा. रक्तपिपासूंशीं त्या पूर्वजांचें वैर आणि करार, ही मेयरबाईंची कल्पना. दोन्ही एकाच मुलाच्या तोंडून सलग येतात, आणि दूरच्या वाचकाला त्यांतील सीमा कळत नाहीं. त्सुनामीच्या धोक्यामुळें वस्ती उंचावर नेण्यासाठीं २०१२ च्या कायद्यानें जमीन मिळविणारी ही जिवंत जमात आहे. हयात माणसांची श्रद्धा कथेंत गोंवतांना अधिक संकोच हवा होता.

एवढें असूनही हें पुस्तक घरांतून हद्दपार करावें, असें आम्ही म्हणणार नाहीं. लपवून वाचलेलें पुस्तक अधिक गोड लागतें. मुलीनें तें अवश्य वाचावें. वाचून झाल्यावर तिला विचारावें, तुला चाकांच्या साखळ्या आठवतात, कीं खिडकींतून येणारा नायक? तिचें उत्तर कांहींही असो, त्यावरून घरांत जें बोलणें होईल, तें कोणत्याही मनाईपेक्षां अधिक उपयोगीं पडेल.