वजनदारांचं आकाश

मराठीत ‘वजन’ हा शब्द तराजूपुरता उरलेला नाही. कचेरीत कुणाचं तरी वजन असतं, अडलेल्या फायलीवर वजन ठेवावं लागतं, आणि ‘वजनदार’ म्हणताना कुणाच्या अंगकाठीकडे आपण पाहत नाही. कॅनेडियन लेखक कार्ल श्रोडर यांची ‘सन ऑफ सन्स’ (२००६) ही कादंबरी जबलपुरात वाचताना हा शब्द माझ्या मनात सारखा घोळत राहिला, कारण तिच्यातल्या जगात तो अक्षरशः खरा आहे.

त्या जगाचं नाव व्हर्गा. हजारो किलोमीटर व्यासाचा, हवेने भरलेला एक कृत्रिम फुगा अवकाशात तरंगतो आहे. आत जमीन नाही, वर-खाली नाही. पाण्याचे गोळे, खडक, गावं सगळं हवेत. वजन हवं असेल तर लाकडाचं आणि दोरांचं प्रचंड चाक बांधायचं, ते फिरवत ठेवायचं आणि त्याच्या आतल्या कडेवर वस्ती करायची. ज्यांना चाक मिळत नाही त्यांची हाडं दुबळी राहतात. सूर्यही बांधावे लागतात. ज्या देशाकडे स्वतःचा सूर्य नाही, तो दुसऱ्याच्या उजेडावर, म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो.

अशा जगात तलवारी, चाचे आणि खजिन्याचा नकाशा कशाला, असं कुणी विचारेल. श्रोडर यांचं उत्तर चोख आहे. मधोमध असलेला महासूर्य, कँडेस, प्रगत यंत्रणा चालूच देत नाही, रडारसुद्धा नाही. म्हणून जहाजं अंधारात चाचपडतात आणि लढाई हातघाईवर येते. साहसाला इथे यंत्रशास्त्राचा पाया आहे.

मराठीत या दोन गोष्टी वेगळ्या घरांत वाढल्या. तलवार नाथमाधवांच्या ‘वीरधवल’कडे राहिली. विज्ञान जयंत नारळीकरांकडे आलं, आणि शास्त्र समजावण्याची जबाबदारी त्याने कधी खांद्यावरून उतरवली नाही. भा. रा. भागवतांनी जूल व्हर्न मराठीत आणून दोहोंमध्ये दार उघडलं होतं. पण तिथून बहुतेक मुलंच आत गेली.

कादंबरीतलं सर्वांत जिवंत पात्र व्हेनेरा फॅनिंग, म्हणजे नौदलप्रमुखाची बायको. कुठल्या तरी अज्ञात लढाईतली भरकटलेली गोळी कधीकाळी तिच्या जबड्यात घुसली. ती गोळी तिने जपून ठेवली आहे. झाडणारा तिला शोधायचा आहे. १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना चालवणाऱ्या शहरात हा तपशील वेगळा ऐकू येतो. माल फाटकाबाहेर पडतो. पुढे तो कुणापर्यंत पोचतो, हे घडवणाऱ्या हातांना कळत नाही.

माझी तक्रार नायकाबद्दल आहे. हेडन ग्रिफिनचा देश, एअरी, शेजारच्या स्लिपस्ट्रीमने गिळला. गुपचूप स्वतःचा सूर्य बांधण्याच्या प्रयत्नात त्याचे आईवडील मेले. सूड घ्यायला तो फॅनिंग यांच्याच नोकरीत शिरतो. इथवर कादंबरी धारदार आहे. पुढे मात्र ती अधिकाऱ्यांच्या जहाजावर चढते आणि तिथेच रमते. मोहीम रंगते, पण उजेड हिरावलेली एअरीची माणसं मागे पडतात. हेडनच्या रागामागे एक अख्खी प्रजा होती. शेवटाकडे तो एका मुलाचा खासगी राग उरतो.

हे मला खटकतं, कारण जबलपूरजवळच बरगीचं धरण आहे, नर्मदेवरच्या सुरुवातीच्या मोठ्या धरणांपैकी एक. वीज आणि पाणी दुसऱ्यांना गेलं. बुडालेल्या गावांतली कितीतरी माणसं या शहरात रिक्षा ओढायला आली. कुणाच्या उजेडासाठी कुणाच्या पायाखालची जमीन गेली, हा प्रश्न श्रोडर यांनी इतका नेमका मांडला, की त्याला सोडून ते खजिन्यामागे जातात तेव्हा चुटपुट लागते.

तरी ही कादंबरी मराठीत यावी. अनुवादकाला एकच विनंती. तिथल्या वजनहीन माणसांना ‘शून्य गुरुत्वाकर्षणात’ ठेवू नये. गिरणी संपानंतरच्या कुटुंबावर नाटक लिहिताना जयंत पवारांनी ‘अधांतर’ हे नाव दिलं होतं. व्हर्गातली चाक नसलेली, सूर्य नसलेली माणसं तशीच अधांतरी आहेत. हा शब्द वापरला, तर मूळ कादंबरीत मागे राहिलेली माणसं अनुवादात थोडी पुढे येतील.