पितळी पातेले आणि पुराव्याची पारख

कारण सापडले आणि रोग गेला, अशी गोष्ट वर्गात सांगायला सोपी असते. भारतीय बालकांतील यकृताच्या सिरॉसिसची गोष्ट बहुधा अशीच सांगतात. दूध पितळी पातेल्यात तापवले, तांबे दुधात उतरले, बाळाचे यकृत बिघडले. पातेले बदलले आणि रोग नाहीसा झाला. गोष्ट बव्हंशी खरी आहे. पण इतक्या झटपट सांगितली की तिच्यातले विज्ञान गळून पडते आणि उरतो तो फक्त दूध तापवणाऱ्या आईला लागलेला बोल. म्हणून पुण्याच्या केईएम रुग्णालयातील या संशोधनाची थोडी कठोर पारख करावी, असे आम्हांला वाटते.

हा रोग तान्ह्या आणि लहान मुलांचा. पोट फुगते, यकृत वाढून टणक होते, कावीळ होते. उपचार नव्हते तेव्हा बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. निरोगी यकृताच्या दर ग्रॅम सुक्या वजनात सुमारे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. या मुलांत ते कित्येक पटींनी, कधी हजारांच्या घरात सापडे.

पण तांबे सापडले म्हणजे तेच कारण ठरते का? शरीरातले जादा तांबे पित्तावाटे बाहेर पडते. यकृत आधीच बिघडून पित्ताची वाट अडली, तरी तांबे साचणारच. म्हणजे तांबे हा रोगाचा परिणामही असू शकतो. डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच्या शीर्षकातच तांबेमिश्रित दुधाला ‘संभाव्य कारण’ म्हटले आहे. हा सावधपणा गोष्ट सांगणारे नेमका विसरतात.

पुढे, १९८७ साली, या गटाने आजारी मुले आणि त्यांच्या जोडीची निरोगी मुले यांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली. आजारी मुलांना वरचे दूध लवकर सुरू झाले होते आणि ते पितळी भांड्यात तापवलेले असे. यामागची कार्यपद्धतीही पटण्याजोगी आहे. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे असते. गाई-म्हशीच्या दुधातले केसीन मात्र पितळेतले तांबे धरून ठेवते. कल्हई, म्हणजे कथलाचा थर, शाबूत असेल तर दूध पितळेला लागत नाही. तो झिजला की लागते.

तरी या पद्धतीला एक मर्यादा आहे. सगळा भर आठवणीवर असतो. मूल आजारी असलेली आई मागचे सारे पुन्हापुन्हा आठवते, निरोगी मुलाची आई तितके आठवत नाही. मरोळच्या परिसरात शिकवणाऱ्यांना हे सहज करून पाहता येईल. गावठाणातल्या आणि चाळींतल्या आज्यांना विद्यार्थ्यांनी विचारावे : दूध कशात तापवत होतात? कल्हईवाला शेवटचा कधी आला? स्टीलचे पातेले घरात कधी आले? आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारावेत आणि उत्तरे ताडून पाहावीत. आठवणीवरचा पुरावा किती ताणता येतो, ते मुलांना आपोआप कळेल.

दुसरा आक्षेप अधिक मोठा आहे. पितळी भांडी घरोघरी होती, मग रोग थोड्यांनाच का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील तीन गावांच्या पिण्याच्या पाण्यात तांबे जास्त असूनही तिथे लहान मुले यकृताच्या अशा रोगाने दगावली नव्हती, हे १९९४ साली दाखवून देण्यात आले. उलट ऑस्ट्रियातील टायरोल भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ बालके दगावल्याची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. तिथेही दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत ठेवत, पण रोग ठरावीक कुटुंबांतच दिसे. म्हणजे तांबे आणि आनुवंशिक दुबळेपणा या दोन किल्ल्या एकाच वेळी लागत असाव्यात. शिवाय आपल्याकडे स्टीलची भांडी कोणाच्या सल्ल्यावाचूनही पसरतच होती. रोग ओसरण्याचे सारे श्रेय सल्ल्याला देता येत नाही.

उपचारांकडेही असेच पाहावे. पेनिसिलामाइन हे औषध शरीरातले तांबे बांधून लघवीवाटे बाहेर काढते. रोग फार पुढे गेलेला नसताना ते दिलेली काही मुले जगली. इथे शंका घ्यावी. निदान लवकर झाले की दिवस मोजायला लवकर सुरुवात होते, आणि औषधाने काहीच केले नाही तरी मूल जास्त जगल्यासारखे दिसते. पण पुण्याच्या गटाने १९९६ साली पाच वर्षांहून अधिक जगलेल्या मुलांची माहिती दिली. काहींच्या यकृताचे तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा सिरॉसिस ओसरताना दिसला. दिवस मोजण्याच्या चुकीने असे घडत नाही. आमच्या मते साऱ्या संशोधनातला हा सर्वांत बळकट दुवा आहे.

हीच पारख यकृतरोपणाच्या आकड्यांनाही लावावी. भारतातले पहिले यशस्वी यकृतरोपण १९९८ साली दिल्लीत झाले. पुण्याच्या त्या मुलांना हा मार्ग नव्हताच. आज ‘शंभरातले इतके वर्षभर जगले’ असे ऐकताना विचारावे : मोजणी शस्त्रक्रियेच्या दिवसापासून की नाव यादीत आले त्या दिवसापासून? यकृताची वाट पाहताना दगावलेले पहिल्या मोजणीत कुठेच दिसत नाहीत.

मग पुरावा अपुरा असताना पातेले बदलायचा सल्ला देणे चुकले का? मुळीच नाही. त्या सल्ल्याला खर्च थोडा होता, अपाय काही नव्हता आणि चूक ठरला असता तरी कोणाचे बिघडले नसते. कृतीला पुरेसा असलेला पुरावा सिद्धतेला पुरतोच असे नाही, हा फरक पुण्याच्या संशोधकांनी आपल्या शीर्षकात सांभाळला होता. वर्गात आपणही तो सांभाळला, तर कोणत्याही आईच्या माथी नसता दोष जाणार नाही.